पहिला लोंढा: तणनाशक तापीत कसं उतरतं आणि माशांचं काय होतं

मृगाचा पाऊस होतो, मका पेरला जातो, दुसऱ्या दिवशी ॲट्राझिन हे तणनाशक मारून होतं. तिसऱ्या रात्री पाऊस असा झोडपतो की सकाळी बांध फुटलेला आणि सरीतलं गढूळ पाणी नाल्याला लागलेलं. शेतकरी आधी बघतो ते बी वाहून गेलं का आणि दुबार पेरणी येते का. औषधाचे पैसे पाण्यात गेले, असंही तो म्हणतो, आणि ते अगदी शब्दशः खरं असतं. त्या पाण्याचा पुढचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

मांडायला फार गणित लागत नाही. मक्याला ॲट्राझिन ५० टक्के डब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात मिसळायची पावडर, एकराला जास्तीत जास्त ८०० ग्रॅम. त्यात खरं औषध निम्मं, म्हणजे ४०० ग्रॅम. पावसाने वाहून जाणारा वाटा एरवी लहानच असतो, टक्का-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. आपण १ टक्का धरू. म्हणजे ४ ग्रॅम, चहाचा एक चमचाही नाही. त्या रात्री २५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला १० मिलिमीटर न मुरता वाहिला असं समजू. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, तेव्हा वाहिलेलं पाणी झालं ४०,००० लिटर. चार ग्रॅम औषध एवढ्या पाण्यात वाटलं की लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम येतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, ऐकायला काहीच नाही. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या बांधावरून नाल्यात पडणारं पाणी त्याच्या पन्नासपट झालं, आणि तेही ९९ टक्के औषध शेतातच राहिलेलं असताना.

पुढे नाल्यात, नदीत ते पातळ होतं हे खरं. पण खानदेशात पेरणीजोगा पाऊस सगळ्या शिवाराला एकदमच मिळतो, म्हणून पेरणी एकाच आठवड्यात, तणनाशकही एकाच आठवड्यात आणि पुढचा मोठा पाऊसही सगळ्यांच्या शेतावर एकाच रात्री. नाल्याला येणारं सगळं पाणी अशाच शेतांमधून येत असेल, तर त्याला पातळ करायला स्वच्छ पाणी आणायचं कुठून? तापीच्या मुख्य पात्रात आकडा खाली येतो. बोरी, अंजनी, सुकी अशा लहान नद्यांवर आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांवर तो काही तास, कधी एखादा दिवस चढलेला राहतो आणि मग झपाट्याने उतरतो. वर्षभरात जेवढं तणनाशक शेतातून वाहतं त्यातलं बहुतेक फवारणीनंतरच्या पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांतच जातं. पंधरा दिवसांनी कोणी बाटली भरून नमुना नेला, तर अहवाल ‘स्वच्छ’ येतो. तो खोटा नसतो, नमुना घेणारा उशिरा पोचलेला असतो.

पाण्याबरोबर जाणारी आणि मातीबरोबर जाणारी

कृषी केंद्रात सगळ्यांना एकच नाव, तणनाशक. नदीच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या दोन जाती पडतात, आणि उपाय निवडताना हीच विभागणी कामाला येते.

पहिल्या जातीची औषधं मातीला सैल धरतात आणि पाण्यात विरघळून निघून जातात. मक्यातलं ॲट्राझिन, गव्हात आणि बांधावर वापरलं जाणारं २,४-डी, उसातलं मेट्रिब्युझिन, सोयाबीनमधलं इमॅझेथापायर ही या गटातली. यात २,४-डी चांगल्या, ओलसर जमिनीत आठ-पंधरा दिवसांत बरंचसं मोडतं. ॲट्राझिन चिवट आहे. जमिनीत ते निम्मं व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढचा असेल तर आणखी वेळ लागतो, कारण आम्लधर्मी जमिनीत त्याचं जे विघटन होतं ते अशा जमिनीत मंदावतं. तापीकाठच्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी असाच आहे. युरोपीय संघाने ॲट्राझिनची परवानगी २००४ च्या सुमारास काढून घेतली, ती भूजलात ते सापडत राहिलं म्हणून.

दुसऱ्या जातीची औषधं मातीच्या कणाला चिकटतात. कपाशी आणि कांद्यातलं पेंडिमेथॅलिन, कांद्यातलंच ऑक्सिफ्लोरफेन, पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट. ही पाण्यात विरघळून फारशी हलत नाहीत, पण माती हलली की मातीच्या पाठीवर बसून जातात. लोंढ्याचं पाणी चहासारखं दिसलं की समजावं, या गटातलं काही ना काही वाटेला लागलं आहे.

यात ग्लायफोसेट जरा चमत्कारिक. पाण्यात ते सहज विरघळतं, तरी मातीला घट्ट धरतं, कारण मातीतल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर स्फुरदाच्या ज्या जागा असतात त्याच जागा ते पकडतं. मग ज्या शेतात वर्षानुवर्षं डीएपी या स्फुरदाच्या खताच्या गोण्या ओतल्या आहेत तिथे त्या जागा स्फुरदाने आधीच अडवलेल्या असतात आणि ग्लायफोसेटला बसायला जागा कमी पडते. असं शेत जास्त सोडतं. आणखी एक गोष्ट पाकिटावर छापलेली असूनही वाचली जात नाही: आपल्याकडे ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिगरपिकाच्या जागा एवढ्यापुरतीच आहे. केळीच्या ओळींत, उभ्या कपाशीत ते सर्रास मारलं जातं ही वेगळी बाब. तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना एचटीबीटी कपाशीचं बियाणं आल्यापासून उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारणं वाढलं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी हे बियाणं जाहीरपणे पेरलं होतं. त्या भागाचं पाणी पूर्णेला मिळतं, आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. म्हणजे हतनूरच्या जलाशयात येणारं पाणी अर्ध्या वऱ्हाडाचं शिवार धुऊन आलेलं असतं. हतनूरमध्ये गाळ किती साचतो हे भुसावळ-रावेरकडच्या माणसाला सांगायला नको. मातीला चिकटून आलेली औषधं त्याच गाळाबरोबर तळाला बसतात.

पॅराक्वाट चिकणमातीला इतकं घट्ट धरतं की तिथून ते सुटत नाही, म्हणून नदीला त्याचा धोका तुलनेने कमी. माणसाला मात्र या सगळ्यांत जास्त धोका त्याचाच आहे. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय यासाठी तरी मोडायला हवी.

काळी भेग आणि सातपुड्याचा उतार

काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी वरच्या थरातून गाळत खाली जात नाही, भेगेतून थेट दोन-तीन फुटांवर पोचतं, आणि वाटेत औषध पकडून ठेवणारी, त्याला खाणाऱ्या जीवाणूंनी भरलेली वरची माती त्याला भेटतच नाही. थोड्याच दिवसांत चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि मग उलटं होतं: पाणी मुरतच नाही, वरून वाहतं. जळगाव-धुळ्याकडचा वर्षाचा पाऊस साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर, पण तो मोजक्या दिवसांत आणि जोरात पडतो. मक्याचं आणि कपाशीचं उगवणीपूर्व तणनाशक नेमकं या दोन अवस्थांच्या मध्ये पडतं.

यावल, रावेर, चोपड्याचा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा वेगळा. तिथे डोंगरातून आलेल्या गोटे-वाळूचा जाड थर आहे, त्याला भूजलवाले बाजाडा म्हणतात. पाणी मुरवायला याच्यासारखी जागा नाही, तापी मेगा रिचार्ज या भूजल पुनर्भरण योजनेची सगळी कल्पना त्यावरच उभी आहे. पण गोटे-वाळू पाण्याला जशी अडवत नाही, तशी पाण्यात विरघळलेल्या औषधालाही अडवत नाही. या पट्ट्यात ॲट्राझिन वापरायचं असेल तर कमीत कमी मात्रेत, आणि शक्य तिथे न वापरलेलंच बरं.

पंप नाल्यावर का धुतला जातो

शेतातून वाहणारं औषध हा एक भाग झाला. दुसरा भाग फवारणीचा पंप धुण्याचा, आणि लहान नाल्यांवर तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

याचं कारण गमतीचं आहे. एकच चार्जिंगचा पंप मक्यावर तणनाशकाला आणि कपाशीवर कीटकनाशकाला वापरला जातो. कपाशी २,४-डीला फार हळवी. टाकीत, नळीत राहिलेल्या थोड्याशा औषधानेही पानं भेंडीच्या पानासारखी बोटं फुटल्यागत लांबट होतात, शेंडा वाकतो, पाती गळतात. एकदा असं नुकसान पाहिलेला माणूस पंप घासून, तीनदा विसळून, भरपूर पाण्याने धुतो. भरपूर पाणी नाल्यावर असतं. काळजी घेणारा शेतकरीच नाल्यात जास्त औषध ओततो, असा हा उलटा प्रकार.

आकडा बघा. ॲट्राझिनच्या पाकिटाच्या कोपऱ्यात ५ ग्रॅम पावडर राहिली आणि पाकीट नाल्यात विसळलं. खरं औषध अडीच ग्रॅम. ते लिटरला २ मायक्रोग्रॅमवर आणायला साडेबारा लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वाशे टँकर. पेंडिमेथॅलिन ३० टक्के ईसी या पातळ औषधाच्या बाटलीत ५ मिली राहिलं, तर त्यात दीड ग्रॅम औषध. प्रयोगशाळेत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर याची चाचणी झाली आहे, आणि लिटरला सुमारे १४० मायक्रोग्रॅम असलं की ४ दिवसांत निम्मे मासे मरतात. दीड ग्रॅम औषध जवळपास ११,००० लिटर पाणी त्या पातळीला नेतं. जूनमध्ये नाल्यातला एखादा डोह भरायला आला की साधारण एवढाच असतो.

धुवायचं कसं, तर शेतातच. टाकी संपली की २-३ लिटर स्वच्छ पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं, आणि ते नोझलमधून आत्ताच फवारलेल्या शेताच्या ज्या कडेला हात कमी पडला असेल तिथे मारून टाकायचं. असं तीनदा. तिन्ही वेळा पाणी नळी आणि नोझलमधून गेलं पाहिजे, नुसती टाकी उपडी करून भागत नाही, कारण कपाशीला भोवतं ते नळीत राहिलेलं. २,४-डी मारलं असेल तर शेवटच्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून रात्रभर तसंच ठेवावं आणि सकाळी तेही शेतातच मारावं. परवडत असेल तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा आणि प्रश्नच मिटवावा. रिकाम्या बाटलीचंही तसंच: मिश्रण करतानाच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं आणि बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात उद्या कोणी रॉकेल किंवा तेल भरणार नाही. रिकामी भांडी आणि धुतलेलं पाणी जलस्रोत दूषित होणार नाही अशा रीतीने संपवायचं, ही कीटकनाशक नियम १९७१ मधलीच अट आहे, आणि त्या कायद्याच्या भाषेत तणनाशकही कीटकनाशकच.

टाकी भरताना होणारी एक चूकही सांगायला हवी. विहिरीवरच्या मोटारीची नळी थेट औषध टाकलेल्या ड्रममध्ये बुडवून ठेवली आणि लाइट गेली, तर पाणी उलटं फिरतं आणि ड्रममधलं औषध विहिरीत ओढलं जातं. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीवर वीतभर तरी लटकतं ठेवावं.

मासा मरतो कशाने

बांधावरच्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम ॲट्राझिन आलं, असं वर निघालं. पण ट्राउटसारखा नाजूक मासा चार दिवसांत मरायला लिटरला ४ ते ५ हजार मायक्रोग्रॅम लागतात. मग ॲट्राझिनने मासा मरत नाही, असं म्हणायचं का? थेट मरत नाही. त्याचं ताट रिकामं होतं.

ॲट्राझिन तणाला मारतं ते पानातली प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडून. ही साखळी शेवाळातही तीच आहे. नदीतला दगड उचलून पाहा, त्यावर तपकिरी-हिरवा बुळबुळीत लपका असतो. तो सूक्ष्म शेवाळाचा, बहुतेक डायटमचा. लिटरला काही दहा मायक्रोग्रॅम ॲट्राझिन असलं की त्याची वाढ मंदावते. रोहूसारखे मासे हा लपका खरवडून खातात. कटला आणि जवळपास सगळ्याच माशांची पिल्लं पाण्यातल्या बारीक जीवांवर वाढतात, आणि ते बारीक जीव शेवाळावर. पाणी उतरलं की शेवाळ सावरतंही, कारण ॲट्राझिनचा हा परिणाम पलटणारा आहे. अडचण वेळेची आहे. आपले रोहू, कटला, मृगळ पावसाळ्याच्या पुरातच अंडी घालतात, आणि पिल्लं नाले जिथे नदीला मिळतात अशा उथळ कडेला वाढतात. शेतातलं पाणी आधी तिथेच येतं. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, चार दिवसांचं पिल्लू राहू शकत नाही.

अंडी कमी पडण्याचाही पुरावा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१० मध्ये फॅटहेड मिनो या लहान माशावर केलेल्या प्रयोगात लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपासून पुढे अंड्यांची संख्या घटलेली दिसली. ॲट्राझिनने नर बेडकांत मादीची लक्षणं येतात, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ मध्ये मांडलेले निष्कर्ष जास्त गाजले, पण नंतरच्या काही प्रयोगशाळांना तसे परिणाम दिसले नाहीत आणि तो वाद मिटलेला नाही. बेडकाची गोष्ट सांगून लोकांना घाबरवण्यापेक्षा शेवाळाची गोष्ट सांगावी. तिच्याबद्दल वाद नाही.

ग्लायफोसेटचा मामला निराळा. इथे मूळ औषधापेक्षा त्यातला साबण माशाला जास्त भोवतो. ग्लायफोसेट पानाला चिकटावं, आत शिरावं म्हणून बऱ्याच द्रावणांत चरबीपासून बनवलेला ॲमीन प्रकारचा साबण घातलेला असतो. तो कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यावर काम करतो आणि मासा गुदमरतो. नुसत्या ग्लायफोसेटने निम्मे ट्राउट मरायला लिटरला १०० मिलिग्रॅमहून जास्त लागतं. साबणासकट तयार द्रावण असेल तर १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. फरक दहापट. पाण्याच्या कडेला ग्लायफोसेट सुरक्षित आहे, असं कोणी सांगितलं तर ते कोणत्या द्रावणाबद्दल बोलत आहेत, हे आधी विचारावं.

तिसरी वाट ऑक्सिजनची. तलावातली किंवा शेततळ्यातली पाणवनस्पती एकदम तणनाशक मारून मारली की ती कुजते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढते. तीस अंशाच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. तो ३ च्या खाली गेला की रोहू-कटला हैराण होतात, आणखी उतरला की मरतात. म्हणून तळ्यातलं तण एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मारू नये, दोन खेपांत दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवावं. खरं तर शेततळ्यातलं तण हाताने काढणंच बरं, ते निदान बाहेर पडतं आणि त्याचं कंपोस्ट होतं.

पकडलेला मासा खावा का, हा प्रश्न येतोच. ॲट्राझिन, २,४-डी, ग्लायफोसेट माशाच्या अंगात साठून राहत नाहीत. पेंडिमेथॅलिन चरबीत साठतं, पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट, पण मासा स्वच्छ पाण्यात आला की ते उतरतंही. आतडी, कल्ले, पोटाकडची चरबी काढून टाकली की बराच भाग जातो. मेलेला, तरंगत आलेला मासा मात्र कितीही ताजा दिसला तरी खाऊ नये आणि विकू नये.

आणि एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तापी-गिरणेतले मासे कमी झाले त्याचं सगळं खापर तणनाशकावर फोडता येत नाही. धरणांनी अडवलेलं पाणी, वाळूचा उपसा, शहरांचं सांडपाणी हे सगळं आहेच, आणि माशाला पटकन मारण्यात काही कीटकनाशकं तणनाशकांच्या कितीतरी पुढे आहेत. उन्हाळ्यात डोह आटले की औषध टाकून मासे मारणारेही असतात. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे.

मासे मेलेले दिसले तर काय पाहायचं

वेळ आणि आकार पाहा. ऑक्सिजन संपून मेले असतील तर पहाटे मरतात, आधी मोठे मरतात, मरण्याआधी वर येऊन तोंड वासतात, आणि मरळ जिवंत राहते, कारण ती हवेतूनही श्वास घेते. विषाने मेले असतील तर वेळेचं बंधन नाही, आधी लहान मरतात, वेडेवाकडे गिरक्या घेतात, आणि मरळही मरते. दगड उलटून पाहा.  पाण्यातल्या किड्यांच्या अळ्याही मेल्या असतील तर विषाचा संशय जास्त. शेततळ्यात ऑक्सिजन कमी पडला असेल तर पंपाने पाणी उडवून, खाद्य बंद करून मासे वाचतात. विष असेल तर पाणी उडवून काही होत नाही. आत येणारा प्रवाह बांधायचा आणि ताजं पाणी सोडायचं.

नमुना त्याच दिवशी घ्यावा. एक लिटरची स्वच्छ, गडद तपकिरी काचेची बाटली, त्या पाण्याने न विसळता भरलेली, बर्फाच्या डब्यात, एक-दोन दिवसांत एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. ग्लायफोसेटसाठी मात्र बाटली प्लास्टिकची, कारण ते काचेला चिकटतं. आणि मागणीत ग्लायफोसेट, पॅराक्वाट वेगळं लिहावं लागतं. ‘सर्व कीटकनाशके’ नावाची जी एकत्रित तपासणी असते तिच्यात ही दोन सहसा धरलेलीच नसतात, त्यांची पद्धत वेगळी आहे. शेकडो औषधांपुढे ‘आढळले नाही’ असं छापून येतं आणि जे शोधायचं होतं ते यादीतच नसतं. मासा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून गोठवावा. तक्रार मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ दोन्हीकडे द्यावी, वेळ आणि जागा लिहून.

शेतातच अडवायचं तर

मजुरी आणि माणसं दोन्ही मिळत नसताना ‘निंदणीच करा’ असं सांगण्यात अर्थ नाही. औषध कमी करणं जमतं, आणि बरंचसं जास्तीचं औषध चुकीच्या मोजमापाने जातं.

‘पंपाला १०० मिली’ हे माप दुकानातून मिळतं. पण मात्रा एकराची असते, पंपाची नसते. रमतगमत चालणारा एकराला चौदा पंप मारतो, झपझप चालणारा आठ, आणि दोघांच्या शेतात औषध जवळपास दुपटीने वेगळं पडतं. आधी साध्या पाण्याने एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट, नेहमीच्या चालीने फवारून पाहा. चार लिटर लागले तर एकराला १६० लिटर, म्हणजे १५ लिटरचे पावणेअकरा पंप. पेंडिमेथॅलिन एकराला १ लिटर असेल तर पंपाला ९४ मिली. नोझल सपाट पंख्यासारखा फवारा देणारं हवं. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल बारीक थेंब करतं आणि ते वाऱ्यावर जातात.

ग्लायफोसेटचं तण मरत नाही म्हणून दुप्पट मारणारे पाण्याकडे बघत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून टाकतं. आधी पाण्यात अमोनियम सल्फेट विरघळवावं, १५ लिटरला १५० ते ३०० ग्रॅम, मग औषध घालावं. आणि पाटाचं गढूळ पाणी ग्लायफोसेट-पॅराक्वाटला कधीच घेऊ नये. गाळ त्याला पंपातच पकडतो.

कपाशीच्या ओळी चार फुटांवर असतील, तर ओळीवर फक्त एक फुटाचा पट्टा फवारून मधल्या तीन फुटांत कोळपं चालवता येतं. औषध चौथाईवर येतं, १ लिटरच्या जागी २५० मिली.

पावसाचा अंदाज बघावा, मेघदूत ॲपवर तालुक्याचा मिळतो. उगवणीपूर्व औषधाला ५-१० मिलिमीटरची भुरभुर हवीच असते, ती औषध वरच्या इंचभर मातीत बसवते. दोन दिवसांत जोरदार पाऊस सांगितला असेल तर थांबावं. थांबलं आणि तण उगवलंच, तर मक्यात टेंबोट्रायोनसारखं उगवणीनंतरचं औषध आहे.

नाल्याच्या काठाने गवताचा पट्टा ठेवावा, निदान ५ मीटर, म्हणजे सोळा फूट. दोनशे फूट काठ असेल तर तीन गुंठे जातात आणि चारा मिळतो. मारवेल चालतं, खस उत्तम. असा पट्टा मातीला चिकटलेली औषधं चांगली अडवतो, विरघळलेलं ॲट्राझिन कमी, जेवढं पाणी तिथे मुरेल तेवढंच. आणि पाणी पट्ट्यावर पसरून आलं तरच. बहुतेक ठिकाणी ते एका जागी घळ पाडून सरळ आरपार जातं आणि बाजूचं गवत कोरडं उभं राहतं. घळ दिसली की तिच्या वरच्या अंगाला दगडांची आडवी ओळ टाकून पाणी फाकवावं लागतं, दर पावसाळ्यात.

विहीर पुनर्भरण करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. शेतातलं पाणी गोटे, खडी, वाळूच्या खड्ड्यातून विहिरीत सोडतात. वाळू गाळ अडवते, विरघळलेलं औषध अडवत नाही. तणनाशक मारल्यानंतरच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांचं पाणी विहिरीत घेऊ नये. चारीच्या तोंडाशी पत्र्याची एक फळी पुरते. पुढचं पाणी खुशाल घ्यावं.

आणि गावाला मिळून पंप धुण्याची एक जागा करता येते. स्वीडनमध्ये १९९३ मध्ये निघालेली बायोबेडची कल्पना इथल्या मालाने होते: ३ बाय २ मीटरचा, ६० सेंटीमीटर खोल खड्डा, तळाला शेततळ्याचा प्लास्टिक कागद, आत निम्मा भुसा किंवा कपाशीच्या बारीक केलेल्या पऱ्हाट्या, पाव भाग शेतातली माती, पाव भाग कंपोस्ट, वर गवत लावलेलं. पऱ्हाटी-भुशावर वाढणारी बुरशी लाकडातला चिवट लिग्निन ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) मोडते, त्याच विकरांनी औषधही मोडते. दोन गोष्टींनी हे बिघडतं. पावसाचं पाणी भरून खड्डा तुंबला की बुरशी गुदमरते, म्हणून वर पत्र्याचं छप्पर हवं. आणि उन्हाळ्यात तो वाळून खडखडीत झाला तर आतलं सगळं झोपतं, म्हणून आठवड्याला घागरभर पाणी. भुसा कुजून खाली बसतो, दर मे महिन्यात वरून भर घालावी लागते. पाच-सहा वर्षांनी सगळा माल काढून वर्षभर ढीग करून ठेवला की शेतात पसरता येतो, नाल्यापासून लांबच्या तुकड्यात.